पक्षिविशेषांच्या शोधात

संस्कृत काव्यांवरील टीका ज्यांनी थोड्याफार चाळल्या आहेत त्यांस ‘पक्षिविशेष’ या शब्दाची थोरवी सांगावयास नको. मूळ श्लोकात कवीने एखाद्या पाखराचे नाव घ्यावे, ते कोणते म्हणून विद्यार्थ्याने उत्सुकतेने टीकेकडे वळावे, आणि टीकाकाराने गंभीर मुद्रेने सांगावे की, हा एक पक्षिविशेष होय! ‘वृक्षविशेष’ व ‘लताविशेष’ हे त्याचेच भाऊबंद. चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविताना मीही हाच राजमार्ग पत्करिला होता. सारस म्हणजे काय? पक्षिविशेष. चक्रवाक? पक्षिविशेष. मुले ते वहीत उतरून घेत, परीक्षेत तसेच लिहीत, आणि मी त्यांस पुरे गुण देत असे.

ही लबाडी म्हणा की परंपरा म्हणा, निवृत्त होईपर्यंत निर्वेध चालली. पुढे मात्र घरातच एक परीक्षक उपजला. माझ्या धाकट्या चिरंजीवांची कन्या, वय वर्षे अकरा, हिच्याकडून सुट्टीत अमरकोशातील एक-दोन वर्ग पाठ करवून घ्यावेत असा माझा संकल्प होता. सिंहादिवर्गात पक्ष्यांची नावे आहेत. त्यांतील सारसापाशी आम्ही येऊन पोहोचलो. त्यास ‘पुष्कराह्व’ असेही म्हणतात हे मी सांगितले, आणि सरस् म्हणजे तळे, त्यात राहतो तो सारस, अशी व्युत्पत्तीही ऐटीत फोडून दाखविली. रात्री सगळे घर पंगतीस बसले असता या मुलीने भर पंगतीत विचारले, “आजोबा, तुम्ही सारस पाहिला आहे का हो?” मी आमटीच्या वाटीत पाहू लागलो. आमचे थोरले बंधू म्हणाले, “अगं, त्याने अंगणातला कावळासुद्धा कधी नीट पाहिलेला नाही!” वहिनींनी तोंडास पदर लावला, आणि माझ्या चौतीस वर्षांच्या अध्यापनाचा निकाल त्या एका घासात लागला.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त भंडाऱ्यास असतो. त्याच्या कानी ही हकीकत गेली तेव्हा त्याने कळविले, “काका, महाराष्ट्रात सारस पाहावयाचा तर आमच्याच बाजूस यावे लागेल. दुसरीकडे तो आता उरलेला नाही.” तेव्हा पौष महिन्यात, संक्रांतीच्या अगोदर, मी, आमचे कुटुंब व ही नात अशी तिघे भंडाऱ्यास जाऊन दाखल झालो.

भंडारा म्हटले की आमच्या घरात पितळेच्या भांड्यांची आठवण निघते. आईच्या वेळची एक घागर अजून देवघराशेजारी आहे. परंतु त्या जिल्ह्याचे खरे वैभव पाण्यात आहे. वैनगंगेचा पूल ओलांडून साकोलीच्या रस्त्यास लागले की दर दोन-चार मैलांवर उजवीकडे किंवा डावीकडे एखादी लांबलचक मातीची पाळ दिसते, पाळीवर मोहाची, आंब्याची वा चिंचेची झाडे, आणि पाळीआड आरशासारखे तळे. लहान तळ्यास तिकडे ‘बोडी’ म्हणतात. तळ्याखाली धानाच्या बांध्या. धान कापून झाले होते, आणि त्याच्या खुंटांतून लाखोळीचे हिरवे पीक वर आले होते. उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकून द्यावयाचे, व धान निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर ते पोसावयाचे, अशी तिकडील रीत आहे. नांगर नाही, पाणी नाही आणि डाळ घरात! आमच्या कुटुंबास ही युक्ती फार आवडली.

आम्हांस जावयाचे होते ते नवेगावबांधास. हे गाव सांप्रत गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात मोडते. परंतु १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघेपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होते, आणि भंडाऱ्याची वृद्ध मंडळी अजूनही ‘आमचे नवेगाव’ असेच बोलतात. येथील वनास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर आहे. पुढे १२ डिसेंबर २०१३ रोजी नवेगाव, नागझिरा, आणि भंडाऱ्याजवळचे कोका अभयारण्य अशी वने एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाचे नाव निघाले की माणसे वाघच पाहावयास येतात. आम्ही पाखरे पाहावयास आलो आहोत असे विश्रामगृहाच्या रखवालदारास सांगितले, तेव्हा त्याने आमच्याकडे थोड्या अनुकंपेनेच पाहिले.

या वनाच्या मधोमध जो जलाशय आहे तो निसर्गाने केलेला नाही, ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने तो बांधिला. कोहळी ही तलाव बांधण्यात व ऊस पिकविण्यात निपुण अशी शेतकऱ्यांची जात. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परत येताना आपल्या पूर्वजांस इकडे आणिले अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखालील जमीन मिळावी, असा गोंड राजांचा उदार नियम असे. त्यामुळे या झाडीमुलुखात हजारांनी तळी झाली. त्या सर्वांत मोठे हे नवेगावचे. सभोवार टेकड्या असून त्यांतील सात शिखरांस ‘सात बहिणी’ म्हणतात. या सात देवतांनी बांधाच्या कामी कोलूस साहाय्य केले अशी समजूत आहे. टेकड्यांमधील खिंडी तेवढ्या मातीने बुजवून पावसाचे पाणी अडविले, इतकी साधी ती कल्पना. पण जुन्या इंग्रजी गॅझेटियरात त्या पाण्याचे क्षेत्र ५ चौरस मैल व घेर १७ मैल दिला आहे. ज्याच्याजवळ ना दुर्बिणी ना नकाशे, त्याने केवळ डोळ्यांच्या अजमासाने कोठे माती टाकावी हे ठरविले! एका शिखरावर त्याचे देवस्थान आहे, व तेथे तो ‘कोलासूर देव’ म्हणून पुजला जातो. मनुष्याचा देव होण्यास याहून चांगले कारण माझ्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाळीवर गेलो. पाण्यावर धुके इतके दाट होते की, पलीकडचा काठ आहे की नाही याचीच शंका यावी. मात्र त्या धुक्याच्या आतून शेकडो कंठांचा कलकलाट चालला होता. पुतण्याने एका वृद्ध ढिवरास बरोबर घेतले होते. ढिवर हे इकडील मासेमार. सारी हयात त्यांची या पाण्यावर गेलेली. म्हाताऱ्याचे वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी अधिक असावे, तरी तो मला ‘गुरुजी’ म्हणू लागला. मी त्यास ‘बाबा’ म्हटले.

सूर्य वर येताच धुके फाटले आणि माझा वर्ग सुरू झाला. फरक एवढाच की, या वेळी मी बाकावर होतो. पाण्याच्या मध्यभागी काळ्या पाखरांचा एक मोठा थवा होता, प्रत्येकाच्या कपाळावर पांढराशुभ्र टिळा. पुतण्याने पुस्तक उघडून सांगितले की, यास मराठीत ‘वारकरी’ असे नाव आहे. जवळच्या लव्हाळ्यांतून एक बदक पोहत बाहेर आले. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे व मुळाशी दोन तांबडे ठिपके. यास म्हणतात ‘हळदीकुंकू’! आमचे कुटुंब हर्षित होऊन म्हणाले, “या पाखरांची नावे नक्की कुण्या बाईमाणसाने ठेविली आहेत. तुमच्या अमरसिंहास हे सुचले नसते.” मला उत्तर सुचले नाही.

कमळाच्या पानांवरून लांब बोटे टाकीत चालणारा कमळपक्षी पाहून मात्र घरातील समस्त पुरुषवर्गाने सावध व्हावे. याची मादी अंडी घालून चालती होते, आणि पुढील सारे काम, म्हणजे अंडी उबविणे व पोरे सांभाळणे, नराच्या गळ्यात पडते. ती तोवर दुसऱ्या नराशी संसार मांडते. पावसाळ्यात याची शेपटी लांब व डौलदार असते, हिवाळ्यात ती झडते. म्हाताऱ्याने हे सांगितले तेव्हा नात लिहून घेत होती. तो भाग गाळावा काय असे मनात आले. पण लिहू दिला.

मग त्याने दूरवर बोट केले. वाळूच्या पट्टीवर केशरी रंगाची दोन मोठी बदके ऊन खात उभी होती. “तो चकवा जी, अन् ती चकवी.” माझ्या छातीत धस्स झाले. हाच तो चक्रवाक! रात्र पडताच ज्यांची ताटातूट होते, व जी एकमेकांस साद घालीत रात्र कंठतात, ती ही विरही जोडी. दोनशे कवींनी तरी त्यांच्यासाठी अश्रू ढाळले असतील. मी बाबांस विचारले, “रात्री ही एकमेकांपासून दूर असतात हे खरे काय?” तो म्हणाला, “रातच्याला चरते जी ते. चरता चरता एक इकडे जाते, एक तिकडे, मग हाक मारते एकमेकाले.” कवींनी जे शापाने घडविले ते भुकेने घडत होते, परंतु हाक मारणे खरे होते, आणि कवींनी रात्री जागून ती ऐकली होती हेही त्यावरून खरे ठरते.

आता माझा धीर वाढला, व मी मेघदूताचा प्रश्न काढला. भंडाऱ्याहून थोड्याच अंतरावर रामटेक आहे. महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी तोच कालिदासाचा रामगिरी असे प्रतिपादिले आहे. तेथील यक्षाचा मेघ आषाढात निघतो, आणि मानससरोवराकडे जाणारे राजहंस त्यास वाटेत सोबत करितात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस हिवाळ्यात आपल्या इकडील जलाशयांवर उतरतात. ते तिबेट व लडाखातील सरोवरांवर पिले वाढवितात आणि हिमालय ओलांडून इकडे येतात. अलीकडे त्यांच्या अंगावर यंत्रे बसवून उपग्रहाच्या साहाय्याने पाहिले, तर ते सात हजार मीटरांहूनही अधिक उंचीवरून उडाल्याचे आढळले. म्हणजे दिशा अगदी बरोबर, मानससरोवरही बरोबर. “बाबा, ते हंस परत केव्हा जातात?” “होळी झाली का जाते जी. आखाडापर्यंत कोन थांबते?” कालिदासाचे पंचांग तीन महिन्यांनी चुकले होते! मी खिन्न झालेला पाहून आमचे कुटुंब म्हणाले, “कवीने दोन-तीन महिने पुढे ढकलले तर काय बिघडले? शाळेत नाव घालताना मुलांच्या जन्मतारखा तुम्ही ढकलीत होताच ना?” यावर पुतण्या व म्हातारा दोघेही मोठ्याने हसले, आणि जवळचा वारकऱ्यांचा थवा पाण्यावर पाय आपटीत दूर गेला.

जसजशी उन्हे चढली तसतसा काठावरचा व्यवहार सुरू झाला. बायका धुणी घेऊन आल्या, गुराख्याने म्हशी पाण्यात घातल्या, व त्यांच्या पाठीवर लगोलग बगळे येऊन बसले. एका लाकडाचा कोरून केलेला डोंगा घेऊन दोघे ढिवर रात्री टाकलेली जाळी उचलीत फिरत होते. मासळीविषयी मजसारख्याने न बोललेले बरे. तथापि शिंगाडे आमच्या शास्त्रास मान्य आहेत. ढिवर मंडळी तळ्यात शिंगाड्याचे वेल लावितात. त्यांचा हंगाम सरत आला होता, तरी एका म्हातारीने टोपलीतून ओंजळभर उकडलेले शिंगाडे नातीस दिले. संस्कृतात यास शृंगाटक म्हणतात. एकादशीस ज्याच्या पिठाचा शिरा आम्ही खातो ते हे काटेरी फळ. ते काढावयास कमरेइतक्या थंड पाण्यात उतरून, बोटे रक्तबंबाळ करून घ्यावी लागतात, हे आमच्या घरात आजवर कोणास ठाऊक नव्हते.

याहूनही मला नवल वाटले ते देवधानाचे. उथळ पाण्यात जे रानटी भात आपोआप उगवते त्यास इकडे देवधान म्हणतात. त्याचे दाणे पिकताच गळून पाण्यात पडतात, ते बदकांचे आवडते अन्न. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खाऊ नये, नांगरावाचून उगवलेले तेवढेच खावे, हा नेम आपल्या घरोघरच्या स्त्रिया पाळितात. त्या दिवसाचे ते धान्य हेच. बाजारात पुडीतून आणलेले मूठभर तांदूळ आई भक्तीने शिजवी ते मला आठवते. ते कोठे उगवत असे, ते कोण काढीत असे, आणि आमच्याआधी त्यावर कोणाचा हक्क होता, हे मी साठी उलटल्यावर त्या पाळीवर उभा राहून शिकलो.

दुपारी झाडाखाली बसलो असता कै. मारुती चितमपल्ली यांची आठवण निघणे अपरिहार्य होते. वनाधिकारी म्हणून ते येथे राहिले, आणि त्यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाने या पाण्याचे नाव मराठी घराघरांत नेले. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली व त्याच वर्षीच्या १८ जून रोजी ते निवर्तले. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्यात थोडी लाजही मिसळलेली आहे. वनखात्याच्या नोकरीत असताना त्यांनी संस्कृत शिकून घेतले, आणि ग्रंथांतील नावे रानातील प्राण्यांशी जुळवून पाहिली. मजजवळ संस्कृत होते, पण मी शाळेच्या कुंपणाबाहेर गेलो नाही. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ व कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ हे सुंदर शब्द त्यांचेच. के. एन. दवे यांचा संस्कृत वाङ्मयातील पक्ष्यांवरचा इंग्रजी ग्रंथही १९८५ सालीच निघालेला आहे. तेव्हा ‘पक्षिविशेष’ या शब्दाआड लपण्यास माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत तरी काही सबब उरली नव्हती.

संध्याकाळी म्हातारा थोडा मोकळा बोलू लागला. मी म्हणालो, “बाबा, काय ही पाखरे! डोळे निवले.” तो म्हणाला, “हे काहीच नाही जी. आमच्या लहानपनी पानी दिसे नाही, असे बसत.” पुढे त्याने व पुतण्याने मिळून जे सांगितले त्याचा सारांश असा. हे सर्व तलाव पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असत. तलाव बिघडला तर त्यांचेच धान बुडे, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात गाव लावून गाळ काढीत, तो शेतात टाकीत, पाळीची डागडुजी करीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तळी सरकारकडे आली व त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात ‘मामा तलाव’, असे नाव पडले. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत. पण ज्याचे ते होते तो गेला, आणि ज्यांचे झाले त्या सर्वांस ते आपले वाटले नाही. गाळ साचत गेला. काठांवर ‘बेशरम’ माजली. जांभळ्या फुलांची ही परदेशी वनस्पती मूळची अमेरिकेतील. तोडली तरी पुन्हा फुटते, म्हणून हे नाव. हिच्या जाळीखाली देवधान उगवत नाही, कमळ तगत नाही, आणि बदकास पाय टेकावयास उथळ पाणी राहत नाही.

मला येथे जी गोष्ट नव्याने उमगली ती अशी की, या तळ्याचा काठ हळूहळू उतरता आहे, म्हणूनच तेथे इतक्या जातींची पाखरे नांदतात. गुडघाभर पाण्यात करकोचा चालतो, त्याहून खोल पाण्यात हळदीकुंकू शेपटी वर करून बुडी मारते, व मध्यभागी खोल पाण्यात पाणबुड्या व वारकरी तळ गाठतात. एखाद्या मोठ्या घरात माजघर, ओसरी, परसू जशी ज्याची त्याची असते तसे हे आहे. कोहळ्याने हे घर बांधिले तेव्हा पाखरांचा विचार त्याच्या मनात असेल असे नव्हे. पण माती अशी टाकिली की, त्यांची सोय झाली. आणि बेशरम उपटून, पाणवनस्पती पुन्हा लावून तळी सुधारण्याचे काम आता जिथे चालू झाले आहे तिथे ते ढिवरांच्या वस्तीतील स्त्रिया व पुरुषच हाताने करीत आहेत, असेही कळले.

असो. चार दिवसांत नातीची वही भरत आली होती. परंतु ज्याच्यासाठी आलो तो सारस काही दिसला नाही. म्हाताऱ्यास विचारले. तो कपाळास हात लावून म्हणाला, “होता जी पहिले. आता तिकडे, गोंद्याकडे.” जून महिन्यात दरवर्षी या भागातील सारसांची मोजणी होते. गोंदिया जिल्ह्यात अलीकडे ते पन्नाशीच्या आतच भरतात, आणि भंडारा जिल्ह्यात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नदीपलीकडे मध्यप्रदेशातील बालाघाटात काही आहेत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वृत्तपत्रातील बातमीवरून आपण होऊन या पाखरांची दखल घेतली, यावरूनच परिस्थिती कोणत्या थरास आली आहे ते समजते.

शेवटच्या दिवशी देवलगाव स्थानकावरून रेल्वेने गोंदियास गेलो, व तेथून पुतण्याच्या एका स्नेह्याच्या मोटारीने परसवाड्याच्या तलावाच्या बाजूस. ऊन कलले होते. बांध्यांच्या कडेने चालता चालता तो स्नेही थांबला, आणि काही न बोलता त्याने नातीचे खांदे धरून तिचे तोंड उजवीकडे वळविले.

लाखोळीच्या हिरव्या पिकात तीन आकृती उभ्या होत्या. दोन माझ्या खांद्याच्याही वर जातील एवढ्या उंच, अंग राखाडी, आणि मान व मस्तक कुंकवासारखे तांबडे. तिसरी थोडी ठेंगणी, मस्तकाचा रंग विटकरी. ते त्यांचे लेकरू. तिघेही शांतपणे माती उकरीत होती. मधूनच एक मोठा सारस मान वर करून आमच्याकडे पाही, आणि मग पुन्हा आपल्या कामास लागे. जगातील उडणाऱ्या पाखरांत याहून उंच दुसरे नाही. मजकडे आता कोणी पाहत नव्हते हे बरे झाले.

शेत ज्याचे होते तो शेतकरी बैल सोडून आमच्यापाशी आला. चाळिशीचा असावा. त्याने सांगितले की, गेल्या श्रावणात रोवणी आटोपून आठ दिवस झाले नाहीत तोच या जोडीने बांधीच्या मधोमध धान उपटून, गवत रचून घरटे केले. “माझे पाच-सात तासांचे धान गेले, गुरुजी. राग आला. काठी घेऊन गेलो.” मग? “नर पंख पसरून आडवा आला. आठ फूट तर असतील पंख. मी मागे सरलो. घरी आलो तर आई म्हणाली, जोड्याचे पाखरू आहे, त्याले हात लावू नको.” त्याने तेवढा तुकडा सोडून दिला, फवारणीही तिकडे केली नाही. दोन अंडी होती. महिनाभर दोघांनी आळीपाळीने उबविली. एक अंडे नाहीसे झाले, एकातून हे पिलू निघाले. बादशहा जहांगीर याने सारसाची एक जोडी पाळली होती, तिची नावे लैला-मजनू अशी ठेविली होती, आणि त्यांच्या अंड्यांस फुटावयास ३४ दिवस लागल्याचे त्याने लिहून ठेविले आहे, हे मी त्यास सांगितले. “बरोबर आहे,” तो म्हणाला, “आमच्या इथेही तेवढेच लागले.” जणू बादशहाची नोंद त्याच्या पसंतीवाचून अडली होती.

त्याच्या आधीच्या वर्षीची एक गोष्ट मात्र त्याने नातीस ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितली. शेजारच्या शिवारात एक सारस विजेच्या तारेस लागून मेला. त्याची सोबतीण पुढे पुष्कळ दिवस त्याच खांबाजवळ येऊन उभी राहत असे. पुढे ती कोठे गेली ते कोणासही कळले नाही.

सूर्य टेकला तेव्हा त्या दोघांनी एकाएकी माना आभाळाकडे ताणल्या आणि एकदम साद घातली. तो आवाज शंखासारखा म्हणावा की तुतारीसारखा, हे मला ठरविता आले नाही. दोन कंठांतून निघालेला, पण एकच. तो तळ्यावरून जाऊन पलीकडच्या झाडीवर आपटून परत आला. पिलाने मान वर केली, पण त्यास अजून ते जमत नव्हते. मग तिघेही दोन-चार पावले धावून उडाली, आणि बांध्यांवरून खालून खालून तळ्याच्या उथळ कडेकडे गेली.

परत फिरताना शेतकऱ्याने विचारले, “गुरुजी, तुमच्या पोथ्यांत याचे काय लिहिले आहे?”

मी म्हणालो, “सरोवरात राहतो तो सारस, असे लिहिले आहे.”

त्याने क्षणभर विचार केला. “रात्री राहते जी तळ्यात. दिवसभर आमच्या बांधीत राहते.” एवढे बोलून तो बैलांकडे गेला. नातीने मोटारीच्या दिव्याच्या उजेडात वही उघडली, आणि दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहून ठेविल्या.